हिवाळ्यापूर्वी बोटीचं इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेलं) इंजिन बंद करून ठेवताना

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. ब्लॉकमध्ये (इंजिनाच्या ओतीव धडात), मॅनिफोल्डमध्ये (एक्झॉस्टचा वायू गोळा करणाऱ्या नळीत) किंवा हीट एक्स्चेंजरच्या बारीक नळ्यांमध्ये ते कोंडलेलं असेल तर त्या जोरापुढे ओतीव लोखंडसुद्धा तडकतं. ब्लॉकच्या अंगावर गोल चकत्या ठोकलेल्या दिसतात. त्या निसटून बाहेर येतील आणि ब्लॉक वाचेल, अशी अनेकांची समजूत असते. त्या चकत्या ओतकामाची वाळू काढायच्या भोकांवर बसवलेल्या असतात. गोठण्यापासून संरक्षण हे त्यांचं काम नाही. कधी त्या निसटतात, कधी त्यांच्या आधी ब्लॉकच जातो. आणि तडा बाहेरून दिसेलच असं नाही. आतल्या बाजूला गेलेला तडा वसंतात इंजिन सुरू केल्यावर ऑइल दुधाळ झालं की कळतो, तोवर ते पाणी बेअरिंगांपर्यंत पोचलेलं असतं.

म्हणून या कामात सगळ्यात महत्त्वाचा आहे तो क्रम. इंजिन हिवाळ्याआधी एकदा शेवटचं चालवायचं असतं आणि बाकीची बहुतेक कामं त्या चालवण्याच्या आधी संपलेली हवीत. त्या शेवटच्या काही मिनिटांत नवं ऑइल बेअरिंगांवर पसरतं, औषध घातलेलं इंधन इंजेक्टरपर्यंत किंवा कार्ब्युरेटरपर्यंत पोचतं आणि अँटीफ्रीझ पाण्याच्या वाटेनं फिरून एक्झॉस्टमधून बाहेर पडतं. अँटीफ्रीझ भरून झाल्यावर ऑइल बदलायचं राहिल्याचं लक्षात आलं, की इंजिन पुन्हा गरम करावं लागतं, पुन्हा पाणी आत जातं आणि सगळं नव्यानं करावं लागतं.

आधी आपलं इंजिन ओळखा

थंड करण्याच्या पद्धती दोन. पहिलीत बाहेरचं पाणी थेट ब्लॉकमधून फिरतं. दुसरीत ब्लॉकमध्ये कूलंट फिरतं आणि बाहेरचं पाणी फक्त हीट एक्स्चेंजरमधून जाऊन त्या कूलंटची उष्णता घेऊन जातं. इंजिनाच्या वरच्या बाजूला प्रेशर कॅप असलेली कूलंटची टाकी दिसली, तर पद्धत दुसरी.

दुसऱ्या पद्धतीच्या इंजिनाला थंडीची भीती नाही असं समजून लोक फसतात. ब्लॉक सुरक्षित असला तरी बाहेरच्या पाण्याची अर्धी वाट तशीच उघडी असते: सीकॉक (बोटीच्या तळातून पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह), गाळणी, इम्पेलरचा (रबरी पात्यांच्या चक्राचा) पंप, गियरबॉक्सचा ऑइल कूलर, हीट एक्स्चेंजर, एक्झॉस्टचा एल्बो आणि पाणी साठवणारा मफलर. कागद घ्या आणि पाणी कुठून शिरतं, कुठून कुठे जातं, कुठे खोलगट जागा आहे, हे पाइपावर हात फिरवत काढा. लोंबकळून खाली आलेला पाइप दिसला की तिथे खूण करा. गोठणारं पाणी नेमकं तिथेच राहतं.

इंधन

डिझेलची टाकी साधारण ९५ टक्के भरून ठेवावी. रिकाम्या जागेतली हवा दिवसरात्रीच्या फरकानं गरम-गार होते, ओलावा टाकीच्या भिंतींवर धरतो आणि थेंब तळाशी जमतात. काठोकाठ भरू नये, कारण ऊन पडलं की इंधन फुगून व्हेंटमधून बाहेर येतं. तळच्या पाण्याच्या आणि डिझेलच्या सीमेवर बुरशी व जिवाणू वाढतात. फिल्टरमध्ये काळा-तपकिरी बुळबुळीत थर दिसला तर तो तोच. त्यासाठीच्या औषधाच्या बाटलीवर दोन मात्रा लिहिलेल्या असतात, एक नेहमीची आणि एक लागण झाल्यावरची, कित्येक पट मोठी. मोठी मात्रा दिली की मेलेला गाळ सुटून फिल्टर तुंबवतो, म्हणून जास्तीचे दोन-तीन फिल्टर हाताशी ठेवूनच ती द्यावी. टाकीत गाळ फार असेल तर औषधावर विसंबू नका, टाकी उपसून साफ करणं हाच उपाय.

पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडा, मग दोन्ही फिल्टर बदला. बारीक फिल्टरमध्ये वरून डिझेल ओतू नये; ओतताना गेलेला कण गाळला न जाता सरळ इंजेक्शन पंपात जातो. हातपंपानं भरा आणि हवा काढा: आधी फिल्टरवरचा स्क्रू, मग पंपावरचा, बुडबुडे थांबेपर्यंत. कॉमन रेल इंजिनाची (सगळ्या इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून इंधन देणाऱ्या) रीत वेगळी असते. तिथे उच्च दाबाच्या नळीचा नट सैल करायला मुळीच जाऊ नका.

हवा काढताना स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागला तर सीकॉक बंद ठेवा. इंजिन सुरू न होता नुसतं फिरलं तरी पंप पाणी ढकलत राहतो, पण ते पाणी एक्झॉस्टमधून बाहेर फेकायला वायूचा जोर नसतो. मफलर भरतो, पाणी उलटं चढून एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरतं. चांगली इंजिनं यामुळे खराब होतात.

पेट्रोल इंजिनासाठी टाकीत आधी स्टॅबिलायझर घाला आणि त्यावर पेट्रोल भरा, म्हणजे ते आपोआप मिसळतं. १० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी शोषून धरतं. त्याहून जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळा थर होतो. इंधनाची नळी तळातूनच ओढते, म्हणजे वसंतात इंजिनाला पहिला घोट त्या थराचा मिळतो. एकदा वेगळं झालेलं पेट्रोल कोणत्याही औषधानं पूर्ववत होत नाही. औषध घातल्यावर इंजिन १० ते १५ मिनिटं चालवावं लागतं. ते पुढच्या चालवण्यातच होऊन जाईल. पेट्रोलच्या बोटीत इंजिन सुरू करण्याआधी ब्लोअर (इंजिनाच्या खोलीतली हवा बाहेर काढणारा पंखा) किमान ४ मिनिटं चालवा आणि तळाशी नाक नेऊन वास घ्या.

ऑइल

हंगामभर वापरलेल्या ऑइलमध्ये काजळी, ओलावा आणि ज्वलनातून आलेली आम्लं असतात. ती पाच-सहा महिने बेअरिंगांच्या मऊ धातूवर बसून राहतात आणि हळूहळू तो खातात. म्हणून ऑइल वसंतात बदलण्यापेक्षा आत्ता बदलावं, ते फार काळं दिसत नसलं तरीही.

बोट पाण्यात असतानाच इंजिन भारावर १५ ते २० मिनिटं चालवा. गरम ऑइल पातळ होतं आणि तळाचा गाळ त्यात मिसळून वर येतो. इनबोर्ड इंजिनाच्या खाली सहसा बादलीही जात नाही, त्यामुळे डिपस्टिकच्या नळीतून पंपानं ओढणं हीच सोयीची रीत. बाहेर आलेलं ऑइल मोजा. पुस्तिकेत ४ लिटर लिहिलंय आणि ३ च आलं, तर पंपाची नळी तळाला टेकलेली नाही. ती थोडी वर-खाली करून पुन्हा ओढा. भरलं होतं त्यापेक्षा जास्त आलं तर त्यात डिझेल, कूलंट किंवा पाणी शिरलंय. त्याचं कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नये.

फिल्टर काढल्यावर त्याची रबरी रिंग फिल्टरबरोबर आली का, ते हाताचं बोट फिरवून बघा. जुनी रिंग इंजिनाला चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर बसला, तर दाब येताच सगळं ऑइल बाहेर फेकलं जातं. नव्या रिंगला ऑइलचं बोट लावा, रिंग टेकल्यावर हातानंच पाऊण फेरा द्या. पाना लावू नका.

गियरबॉक्सचं ऑइलही याच वेळी बदला. काही छोट्या गियरबॉक्सना इंजिन ऑइल लागतं, काहींना ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं लाल ऑइल. पुस्तिका बघितल्याशिवाय ओतू नये. त्यांची क्षमता बहुधा लिटरभराच्या आसपास किंवा त्याहून कमी, त्यामुळे थोडंसं पाणीही लगेच दिसतं. ऑइल दुधाळ किंवा फिकट गुलाबी दिसलं तर कूलर आतून गळतोय किंवा सील गेलंय. सेलड्राइव्ह (बोटीच्या तळातून पाण्यात उतरणारा गियरचा पाय) असेल तर हे जास्तच मनावर घ्या: पायात शिरलेलं पाणी तळाशी बसतं आणि गोठून पायाचं कवच फोडू शकतं.

कूलंट

बंद पद्धतीच्या इंजिनात कूलंटचा गोठणबिंदू रिफ्रॅक्टोमीटरनं (थेंबातून जाणाऱ्या प्रकाशावरून मोजणाऱ्या उपकरणानं) तपासा. इथिलीन ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं असेल तर ते साधारण उणे ३७ अंश सेल्सियसपर्यंत द्रव राहतं. ‘जास्त घट्ट म्हणजे जास्त सुरक्षित’ हे खरं नाही. शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठतं, सगळ्यात चांगलं संरक्षण ६० ते ७० टक्क्यांच्या मध्ये मिळतं. गोठणबिंदू ठीक असला तरी गंज रोखणारी द्रव्यं काळानुसार संपतात, म्हणून बाटलीवर लिहिलेली वर्षं पाळा. वेगवेगळ्या जातीची कूलंटं एकमेकांत मिसळली तर काही वेळा त्यांचा गोळा होतो. रंगावरून जात ओळखू नका, रंग प्रत्येक उत्पादक आपल्या मर्जीनं ठेवतो.

बाहेरच्या पाण्याची वाट

आता मुख्य काम. यासाठी जे अँटीफ्रीझ वापरायचं ते प्रॉपिलीन ग्लायकॉलचं, कारण त्याचा काही भाग एक्झॉस्टमधून बाहेर जाणार असतो आणि इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. इथेनॉल मिसळलेलं स्वस्त प्रकारचं नको, त्यानं रबर कडक होतं.

डब्यावरचा आकडा नीट वाचा. ‘उणे ५०’ लिहिलेलं गुलाबी अँटीफ्रीझ बहुधा फॅरेनहाइटमध्ये असतं, म्हणजे सुमारे उणे ४६ अंश सेल्सियस, आणि तो आकडा पाइप फुटण्याचा असतो, गोठायला सुरुवात होण्याचा नाही. उणे १२ अंशांच्या आसपासच त्यात बर्फाचा चुरा व्हायला लागतो. हा चुरा पाण्याच्या बर्फासारखा फोडत नाही, पण त्यात वाटेतलं उरलेलं पाणी मिसळलं की संरक्षण झपाट्यानं कमी होतं. इंजिनासाठी म्हणून ‘उणे १००’ लिहिलेलं घेतलेलं बरं. तयार मिळणाऱ्या अँटीफ्रीझमध्ये वरून पाणी घालू नका.

आधी गोड्या पाण्यानं धुऊन घ्या. सीकॉक बंद करा, पंपाकडे जाणारा पाइप सीकॉकवरून किंवा गाळणीवरून सोडवा आणि त्याचं टोक बादलीत बुडवा. बादलीत नळाचा पाइप सोडून इंजिन मंद गतीवर १० ते १५ मिनिटं चालवा. नळाचा पाइप इंजिनाला थेट जोडू नये. इंजिन बंद पडलं आणि नळ चालू राहिला तर दाबाचं पाणी पंपाच्या पात्यांतून वाट काढत मफलर भरतं आणि मग सिलिंडरकडे जातं. बादली असली की इंजिन आपल्याला हवं तेवढंच ओढतं.

गाळणी उघडून साफ करा. मग तोच पाइप अँटीफ्रीझच्या बादलीत. दोन-तीन सिलिंडरच्या छोट्या डिझेलला १० ते १२ लिटर लागतं, मोठ्या चार सिलिंडरच्या इंजिनाला २० च्या पुढे. मंद गतीवरही १० लिटर एक-दोन मिनिटांत संपतात, म्हणून डबे आधीच उघडून ठेवा आणि एक माणूस बोटीच्या मागे बादली धरून उभा करा. एक्झॉस्टमधून रंग दिसू लागला की लगेच थांबू नका. आधीचा थोडा रंग मफलरमधल्या पाण्यात मिसळलेला असतो. बाहेर आलेला नमुना रिफ्रॅक्टोमीटरवर घ्या, प्रॉपिलीनच्या मोजपट्टीवर, आणि आपल्या जागेच्या सर्वांत कडक थंडीपेक्षा आकडा बराच खाली दिसला की मगच इंजिन बंद करा. बादली रिकामी होण्याआधी बंद करणं आवश्यक. कोरडा इम्पेलर मिनिटभरातही खराब होऊ शकतो. बोट पाण्यातच राहणार असेल तर सीकॉक बंद आहे ना, याची खात्री पाइप जोडण्याआधी आणि नंतर, दोनदा करा.

व्हेंटेड लूप (पाणी उलटं ओढलं जाऊ नये म्हणून वर हवेचा व्हॉल्व्ह असलेला पाइपाचा उंच वळसा) असेल तर त्याचा वरचा व्हॉल्व्ह उघडून साचलेलं मीठ धुऊन टाका. तो अडकला तर बोट पाण्यात असताना सायफन होऊन इंजिन भरतं.

ज्या इंजिनाच्या ब्लॉकमध्येच बाहेरचं पाणी फिरतं, त्याला ही रीत पुरत नाही. थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावरच उघडणारा व्हॉल्व्ह) बंद असताना पंपानं ओढलेलं अँटीफ्रीझ ब्लॉकला वळसा घालून सरळ एक्झॉस्टमधून जातं. बाहेर गुलाबी धार दिसते आणि ब्लॉक पाण्यानंच भरलेला राहतो. हिवाळ्यात फुटलेल्या अनेक इंजिनांचं कारण हेच असतं. तेव्हा इथे आधी सगळं पाणी खाली काढायचं. व्ही-८ इंजिनात ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना एकेक प्लग, दोन्ही मॅनिफोल्डना एकेक आणि शिवाय पंपांचे सर्वांत खालचे पाइप सोडवावे लागतात. पॉवर स्टिअरिंगचा कूलर असला तर त्याचाही. प्लग काढल्यावर पाणी आलं नाही म्हणजे जागा रिकामी आहे असं मानू नका. भोकाच्या तोंडाशी गंजाचे पापुद्रे बसलेले असतात. ताठ तार घालून टोचा, धार येते. तीही थांबली की पुन्हा टोचा. काढलेले सगळे प्लग एका डब्यात ठेवा आणि मोजा, पितळी प्लगांच्या आट्यांना सीलंट लावून परत बसवा. मग थर्मोस्टॅटच्या घराला लागलेला मोठा पाइप सोडवून नरसाळ्यानं ब्लॉकमध्ये वरून अँटीफ्रीझ ओता, मॅनिफोल्डमध्येही तसंच. एकूण २० ते २५ लिटर लागू शकतं. नुसतं पाणी काढून कोरडं ठेवलं तरी गोठण्याचा धोका टळतो, पण ओल्या लोखंडाला हवा लागून गंज वाढतो. ग्लायकॉलमधली द्रव्यं तो रोखतात, म्हणून भरून ठेवलेलंच चांगलं.

इम्पेलर आणि झिंक

आता पंपाचं झाकण उघडून इम्पेलर काढा. आत राहिला तर कॅमवर (पंपाच्या आतल्या फुगवट्यावर) दबलेली पाती महिनोन्‌महिने तशीच वाकून बसतात आणि वसंतात पाणी नीट ढकलत नाहीत. पात्यांच्या बुंध्याशी भेग दिसली तर नवा घ्या. एखादं पातं तुटून गायब असेल तर ते शोधलंच पाहिजे. बहुधा हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेलं सापडतं आणि तिथे राहिलं तर पुढच्या हंगामात इंजिन तापतं. परत बसवताना ग्लिसरीन लावा, ग्रीस नको; खनिज तेलानं निओप्रीन फुगतं.

हीट एक्स्चेंजरमधलं पेन्सिलसारखं झिंक (बाकीच्या धातूंऐवजी स्वतः झिजणारा तुकडा) स्क्रू काढून बघा. अर्धं झिजलं असेल तर बदला. तुटलेला तुकडा आत राहिला तर तो काढून घ्या. बेल्ट सैल करा. त्याच्या आसपास काळी पूड पडलेली असेल तर पुल्या एका रेषेत नाहीत किंवा बेल्ट घसरतोय.

सिलिंडर बंद करणं

पेट्रोल इंजिनाला फॉगिंग ऑइल (सिलिंडरच्या आत गंजरोधक थर देणारं) लागतं. कार्ब्युरेटर असेल तर अँटीफ्रीझ ओढलं जात असतानाच, शेवटच्या मिनिटात, इंजिन मिनिटाला १,००० ते १,५०० फेऱ्यांवर ठेवून ते हवेच्या तोंडातून फवारा. दाट पांढरा धूर निघाला की बंद करा. इंजेक्शनच्या इंजिनाला स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं फवारावं, इग्निशन तोडून इंजिन दोन-तीन फेरे फिरवावं आणि प्लग परत लावावेत.

डिझेलमध्ये हात आखडता ठेवा. फार ऑइल गेलं तर पिस्टनच्या वर दाबता न येणारा द्रव साचतो आणि स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकतो. चालू डिझेलच्या हवेच्या तोंडात ऑइल फवारलं तर ते इंधन म्हणून जळतं आणि इंजिन बेफाम धावू शकतं. इंधन तोडणारा स्टॉप ओढून ठेवून, स्टार्टरवर फिरवताना चमचाभर ऑइल इनटेकमध्ये पुरे. कित्येक डिझेलना तेही न करता एअर फिल्टर काढून इनटेक आणि एक्झॉस्टचं बाहेरचं तोंड तेलाच्या चिंधीनं बंद केलं तरी चालतं. ओलसर हवा आत फिरू न देणं हा मुद्दा आहे.

बॅटरी, सीकॉक आणि उरलेलं

शिशाची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ती उणे ६० अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. पूर्ण उतरलेली उणे १० च्या आतच गोठते आणि तिचं खोकं फुटतं. भरलेल्या बॅटरीत व्होल्टेज काही तास विसाव्यानंतर १२.६ ते १२.७ दिसतं. आधी ऋण तार सोडवा, मग धन. साध्या बॅटरीला महिन्यातून एकदा चार्ज द्या. लिथियमची बॅटरी अर्ध्याहून थोडी जास्त भरून ठेवावी आणि शून्याखाली तिला कधीही चार्जिंगला लावू नये.

बोट पाण्याबाहेर आली की बॉल व्हॉल्व्हचे सीकॉक विसरू नका. बंद स्थितीत गोळा आणि घर यांच्यामध्ये थोडं पाणी अडकतं, तेवढं व्हॉल्व्ह फोडायला पुरतं. वरून थोडं अँटीफ्रीझ ओतून सीकॉक दोन-चार वेळा उघड-बंद करा आणि अर्धा उघडा ठेवा. ग्लँडमधली (प्रोपेलरचा दांडा बोटीबाहेर जातो त्या जागेची) पॅकिंग सुकलेली, कडक झालेली असेल तर आत्ताच बदला. गियर मध्यावर ठेवा, थ्रॉटल आणि गियरच्या केबलच्या टोकांना ग्रीस लावा, रंग उडालेल्या जागी गंजरोधक फवारा.

इंजिनाच्या खोलीत विजेचा हीटर लावून या सगळ्यातून सुटका होत नाही. एका रात्री वीज गेली की हीटर गार पडतो आणि न काढलेलं पाणी तिथेच असतं.

किल्लीला जाड कागदाची चिठ्ठी बांधा: इम्पेलर काढलेला आहे, इनटेक आणि एक्झॉस्टमध्ये चिंध्या आहेत, बेल्ट सैल आहे, सीकॉक अर्धा उघडा आहे, अमुक पाइपाचा क्लॅम्प सैल आहे. इम्पेलर एका पिशवीत, चिठ्ठीसोबत. ऑइल, फिल्टर आणि कूलंट बदलल्याची तारीख व इंजिनाचे तास लॉगमध्ये लिहा, आणि रिफ्रॅक्टोमीटरवर आलेला आकडाही.